अँपिअर नसलेला मीटर

बेडोक, ८ जून

निशिकांत भावोजी,

वयाने तुम्ही माझ्याहून मोठे आणि नात्याने मी तुमच्याहून मोठी, त्यामुळे कुणी कुणाला नमस्कार करायचा हा प्रश्न माझ्या लग्नापासून अनिर्णित आहे. तो तसाच राहू देऊन कामाचं लिहिते.

मला एक डिजिटल मल्टिमीटर घ्यायचा आहे. स्वस्तातला, घरी छंद म्हणून वापरता येईल असा. आयुष्यभर मुलांना संस्कृतच्या विभक्त्या शिकवलेल्या बाईने असं वाक्य लिहावं याचं तुम्हाला हसू येईल. येऊ दे. पण उत्तर द्या.

तुम्ही म्हणाल, दादाला विचारा. तुमच्या दादासाठी, शेखरसाठीच घ्यायचा आहे, आणि मी तुम्हाला विचारते आहे हे त्याला कळता कामा नये. बाबांच्या माघारी त्यांचं वर्कबेंच, हत्यारं, रेडिओच्या व्हॉल्व्हचे डबे, सगळं तुम्ही त्याला न विचारता तुमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबला देऊन टाकलंत. तेव्हापासून या घरात तुमचं नाव निघालं की शेखर उठून पंख्याचा वेग वाढवतो. फोन न करता मेल लिहिते ती याच कारणाने. आमच्या फ्लॅटमध्ये ओट्याशी बोललेलं बॉम्ब शेल्टरमध्ये ऐकू जातं.

बॉम्ब शेल्टर म्हणजे घाबरू नका. इथे सिंगापुरात आमच्यासारख्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक चिमुकली खोली असते, युद्ध झालं तर आत बसायला. युद्ध होत नाही म्हणून लोक तिथे तांदूळ आणि सुटकेसा ठेवतात. शेखरने टेबल टाकलं आहे. पाया लेबारचं ऑफिस सुटल्यापासून तो दिवसभर आतच असतो. बेडोकमधल्या तमाम मराठी घरांचे मिक्सर, इस्त्र्या आणि मंडळाचा अँप्लिफायर त्याच्याकडे येतात. मजुरी म्हणून चिवडा येतो.

जुना मीटर पडून फुटला. नवा शोधायला मी इंटरनेटवर बसले आणि हरले. कुठे कॅट टू, कुठे कॅट थ्री, कुठे ट्रू आरएमएस, कुठे सहा हजार काउंट. एका विक्रेत्याने एकाच मीटरला 'व्यावसायिकांसाठी', 'नवशिक्यांसाठी' आणि 'भेट देण्यास उत्तम' अशी तीन विशेषणं लावली आहेत. ही तिन्ही एका नामाला लागू शकतील असं मला वाटत नाही.

माझी अट एकच. वापरणाऱ्याने चुकीचं काही केलं तरी त्याला इजा होऊ नये. असा मीटर असतो का?

मधुवंती

बेडोक, १५ जून

भावोजी,

मीटर पडून फुटला असं मी लिहिलं, आणि तुम्ही विचारता, प्रोबची टोकं काळी झाली आहेत का? लाल वायर कुठल्या भोकात होती? घरातली वीज गेली होती का? पडलेल्या मीटरबद्दल असले प्रश्न कुणी विचारत नाही. धुरावरून अग्नीचं अनुमान कसं करायचं हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवलं. तुम्ही पुण्यात बसून बेडोकचा धूर पाहिलात.

तर हो. टोकं काळी झाली आहेत. एकाचं टोक वितळून गोळी झालं आहे. लाल वायर '१० ए' लिहिलेल्या भोकात होती. वीज पूर्ण फ्लॅटची गेली. आमची जाई घरून काम करत होती, तिची मीटिंग बंद पडली, आणि ती धावत आली तेव्हा शेखर शेल्टरच्या दारात हात पुसत उभा होता. म्हणाला, "मीटर चायनीज आहे, दुसरं काही नाही." जाई म्हणाली, "पा, एव्हरीथिंग इज चायनीज लाह. युअर फिंगर ऑल्सो ब्लॅक."

झालं होतं असं. आधी तो एक ट्रान्झिस्टर बॅटरीतून किती करंट खातो ते मोजत होता. त्यासाठी लाल वायर त्या भोकात लावावी लागते, हे आता मला कळलं आहे. मग ती तशीच ठेवून तो भिंतीतल्या सॉकेटचं व्होल्टेज बघायला गेला. तुम्ही लिहिता की त्या भोकात वायर असताना मीटर हा मीटर राहत नाही, सॉकेटच्या दोन टोकांत नुसती जाड तार घातल्यासारखं होतं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. नंतर त्या फुटलेल्या पिवळ्या डब्याकडे बघितलं आणि तो शेखरच्या हातात होता हे आठवलं.

तुम्ही पुढे लिहिलं आहे, 'वहिनी, ही चूक प्रत्येकाच्या हातून एकदा होते. दादाच्या हातून शाळेत असताना झाली होती. बाबांनी कानफटात दिली. नंतर कधी झाली नाही. दादा बरा आहे ना?'

नाही.

वर्षभरापासून नाही. सुरुवातीला नावं जायची, ती माझीही जातात. मग एकदा मंडळाच्या कार्यक्रमात त्याने माइकची जोडणी करताना मध्येच थांबून, त्याच्या हाताखाली काम शिकलेल्या मंडळातल्या अमेयला विचारलं, "आपण काय करत होतो?" अमेय हसला. त्याला विनोद वाटला. आता आम्ही मेमरी क्लिनिकला जातो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि अतिशय नम्र आहेत. इतक्या नम्र की मला भीती वाटते. आजाराची सुरुवात आहे असं म्हणतात, वय लहान आहे असंही म्हणतात. छंद चालू ठेवा असं म्हणाल्या. छंदाचं नाव मी सांगितल्यावर ते त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

जाईचं म्हणणं, ती खोली बंद करा. मला ती उघडी हवी आहे. आत असताना तो आत्मविश्वासाने शिव्या देतो, गाणं म्हणतो, एखादा कपॅसिटर हातात घेऊन मला त्याचा स्वभाव समजावून सांगतो. बाहेर आला की चष्मा शोधणारा एक अवघडलेला गृहस्थ होतो. ती खोली गेली तर माझ्या वाट्याला फक्त दुसरा उरेल. म्हणून मीटर.

मधुवंती

बेडोक, २९ जून

भावोजी,

तुमचं 'वहिनी, बेंच बंद करा' हे पत्र आलं. एक बेंच तुम्ही याआधी बंद केलं आहेच, त्यामुळे तुमचा अनुभव दांडगा आहे हे मी मान्य करते.

हे लिहून मी चहा केला, प्यायले, आणि पुन्हा वाचलं. खोडणार नाही. पण तुमच्यावर रागावण्याइतकी मी आज न्यायाच्या बाजूला नाही, हेही लिहायला हवं, कारण या आठवड्यात आणखी एक झालं.

शेजारच्या ब्लॉकमध्ये चैत्राली राहते. तिच्या इडलीच्या पिठाचा ग्राइंडर शेखरने दुरुस्त करून दिला. स्टीलचा, चांगला जड. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "काकू, काकांना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल. पण ग्राइंडरला हात लावला की झिणझिण्या येतात." अमेयने जाऊन उघडला. आतली अर्थिंगची वायर सुटीच होती, बॉडीला लावायची राहिलेली. शेखरने आयुष्यात हजार वेळा लावली असेल. चैत्रालीच्या घरात रांगतं मूल आहे.

जाईला कळायचं ते कळलंच. ती माझ्याशी मराठीत भांडते तेव्हा समजावं की प्रकरण गंभीर आहे. "आई, तू बाबाची काळजी घेतेयस की त्याच्या इमेजची?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं, त्याला टीव्हीसमोर बसवलं की तो बरा होईल?"

"बरा नाही होणार. जिवंत राहील. नेक्स्ट टाइम समबडी डाइज, देन हाउ?"

मी आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसला. एरवी मला शब्दांची ददात नसते, हे तुम्ही जाणताच.

शेवटी ठरलं ते असं. एक महिना बघायचं. दुसऱ्यांच्या वस्तू परत देण्याआधी अमेय गुपचूप तपासणार. महिन्यात पुन्हा काही झालं तर जाई टेबल काढून टाकणार आणि मी आडवी येणार नाही. शेखरला यातलं काही माहीत नाही. त्याच्याच घरात आम्ही तिघं कट केल्यासारखे वागतो आहोत.

तेवढ्यात काल तुमचं दुसरं पत्र आलं. पहिल्याबद्दल माफी नाही, खुलासा नाही, एकदम मुद्दा. तुमच्या घराण्याची ही पद्धत मला परिचित आहे. तुम्ही लिहिता, कॅट थ्री हा सुरक्षिततेचा दर्जा छापलेला असतो पण स्वस्त मीटरवर छापलेल्या सगळ्यावर विश्वास ठेवू नका. आत काचेचा फ्यूज असतो, कधी फ्यूजच नसतो. आणि काही झालं तरी करंट मोजणारा मीटर घेऊच नका. 'वहिनी, तळाशी दोनच भोकं असतील असा बघा. व्होल्टेज, रेझिस्टन्स, वायर सलग असल्याचा कंटिन्युइटीचा बीप, बस. अँपिअर नको. जे भोकच नाही त्यात चुकीची वायर जाणार कशी?'

आमच्या न्यायशास्त्रात अभाव हासुद्धा एक पदार्थ मानतात. टेबलावर घट नाही, हे नसणंही एक असणंच. वर्गात हे सांगताना पोरं जांभया देत. पदार्थाचा अभाव पैसे देऊन विकत आणायची वेळ माझ्यावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दोन भोकांचा शोधते.

मधुवंती

बेडोक, १३ जुलै

भावोजी,

मीटर आणला. तुमचा नाही.

मी एकटीच सिम लिम टॉवरला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणार होते. शेखरला म्हटलं, जुना गेला, नवा आणते, वाढदिवसाचं समज. तो लगेच चपला घालून तयार. "तू काय आणणार? तुला दुकानदार थर्मामीटर देईल."

दुकानातला म्हातारा त्याला ओळखतो. मी आधीच फोनवर सांगून ठेवलेला मीटर त्याने पुढे केला. शेखरने हातात घेतला आणि भावोजी, तुम्ही तिथे असायला हवे होतात. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले, कान देऊन बीप ऐकला. "उशिरा वाजतोय." वायर बोटात फिरवून बघितली. "कडक आहे, महिन्यात तुटेल." डायल फिरवताना डोळे मिटले होते. मला वाटलं, जाईने हे बघावं. मग त्याने मीटर उलटा करून तळ बघितला.

"करंट कुठाय?"

"धिस वन नो अँप, अंकल," म्हातारा म्हणाला. "सेफर. युअर वाइफ आस्क फॉर."

शेखरने माझ्याकडे बघितलं. "हा कुणी सांगितला तुला?"

"इंटरनेटवर वाचलं."

"इंटरनेट असं सांगत नाही. तिथे ज्याच्यात जास्त फंक्शन असतील तो घे म्हणतात. मीटरमध्ये काय नाही ते बघून घे, असं सांगणारा एकच माणूस मला माहीत आहे."

मी पिशवीची घडी उलगडू लागले. तो म्हाताऱ्याला म्हणाला, "द अदर वन. थ्री होल." आणि तो घेतला.

परतीच्या मेट्रोत त्याने विचारलं, "निशीला काय काय सांगितलंस?"

"सगळं."

"क्लिनिकचं?"

"हो."

"ग्राइंडरचं?"

ग्राइंडरचं त्याला माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. चैत्राली नव्हती बोलली. अमेय नव्हता बोलला. त्याने दुरुस्त करून दिलेल्या ग्राइंडरबद्दल कुणी काहीच बोलत नाही यावरून ओळखलं होतं. एवढं त्याचं डोकं चालतं, आणि आम्ही त्याला न कळता त्याच्यावर पाळत ठेवत होतो.

"पहिलीच्या पोरांना देतात ना," तो म्हणाला, "बोथट टोकांची कात्री. तशी घेऊन देत होतीस मला."

पाया लेबारला दार उघडलं आणि तो उतरला. मी पिशवी सावरत धावले. प्लॅटफॉर्मवर तो उभा होता, बाहेर जायच्या सरकत्या जिन्याकडे तोंड करून. आमचं स्टेशन अजून पुढे, बेडोक. इथे त्याचं ऑफिस होतं. माझा राग आला म्हणून तो उतरला, की सवयीने उतरला, मला कळलं नाही. विचारलं नाही. दोन गाड्या जाऊ दिल्या. मग म्हणाला, "चल."

घरी आल्यापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो आहे. तुमच्याबद्दल एक अक्षर नाही. पंख्याचा वेगही वाढवला नाही. त्याची मला जास्त धास्ती वाटते.

मधुवंती

बेडोक, २७ जुलै

भावोजी,

तुमची दोन पत्रं उत्तराविना पडली आहेत. राग नव्हता. काय लिहावं ते ठरत नव्हतं. आता ठरलं आहे.

परवा सकाळी मी भाजी निवडत होते. शेल्टरमधून हाक आली, "मधू, इकडे ये. पटकन नको, सावकाश ये." आत गेले तर शेखर टेबलापासून हातभर लांब उभा. दोन्ही हात छातीशी, जणू काही सांडलं आहे. टेबलावर कुणाची तरी इस्त्री उघडलेली, नवा मीटर शेजारी, प्लग अजून भिंतीत घातलेला नव्हता.

"बघून सांग," तो म्हणाला. "लाल वायर कुठल्या भोकात आहे?"

मी चष्मा लावून वाचलं. '१० ए.'

"नक्की?"

"नक्की."

"मी दोनदा तपासली होती," शेखर म्हणाला. "दोन्ही वेळा मला बरोबर दिसली."

नंतर तो स्टुलावर बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, "थांब, विचार करू दे." बाबांचीच लकब. मी उभी राहिले. बाहेर खालच्या मजल्यावर कुणीतरी खोबरं भाजत होतं, त्याचा वास येत होता. मग तो म्हणाला, "मेनचं, प्लगवर चालणाऱ्या वस्तूंचं काम बंद. आजपासून." हे त्याने ठरवलं. मी नाही, जाईने नाही, डॉक्टरीणबाईंनी नाही.

इस्त्री त्याने स्वतः जोडली, मला प्रत्येक स्क्रू दाखवत, आणि ज्यांची होती त्यांच्या दारात नेऊन दिली. सोबत मी होते. "मला हे आता जमत नाही," असं तो त्यांना म्हणाला. त्या बाई म्हणाल्या, "अहो काका, असं काय, सवडीने करा ना." तो म्हणाला, "सवडीचा प्रश्न नाही." परतताना लिफ्टमध्ये त्याने माझा दंड धरला होता. या वयात आम्ही लिफ्टमध्ये असे धरून उभे राहत नाही.

काल सिम लिम टॉवरला जाऊन मीटर बदलून आणला. म्हाताऱ्याने मागच्या वेळचाच पुढे केला. दोन भोकांचा. आता तो फक्त बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू घेणार. ट्रान्झिस्टर, खेळणी, टॉर्च. जाईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "ओके पा. बॅटरी ओन्ली हां." आणि तिच्या खोलीत जाऊन रडली. टेबल राहिलं. डॉक्टरीणबाईंच्या मते दोनेक वर्षं राहील, कदाचित कमी. त्या 'कदाचित' फार नम्रपणे म्हणतात.

रात्रीच्या जेवणाला तो मला म्हणाला, "निशीला लिही." मी म्हटलं, तूच लिही. म्हणाला, "माझ्या हातून मध्ये काहीतरी सुटेल, आणि ते त्याच्या लक्षात येईल. तू लिही." त्याने सांगितलं ते असं:

'मीटर ठीक आहे. बीप उशिरा वाजतो, पण चालेल. तुझं डोकं बरोबर होतं. बेंचच्या बाबतीत बरोबर नव्हतं. त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि मी मोठ्याने बोलणार आहे.'

मग पंधरा मिनिटं तो बोलत राहिला. टेम्पो कुणाचा होता. वॉचमनला तुम्ही काय सांगितलंत. बाबांचा ड्रॉवर रिकामा न करताच कसा उचलला. बाबांच्या शेजारच्या निकमांनी फोटो पाठवला तेव्हा तो ऑफिसात कुठल्या टेबलाशी बसला होता. एकही तपशील सुटला नाही, एकदाही अडखळला नाही. जाई जेवायचं थांबून ऐकत होती. दुपारची गोळी घेतली का हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं.

ऑगस्टमध्ये तुमच्या लॅबला गणपतीची सुट्टी असेल. तिकीट काढा. राहायची सोय बाहेरच्या खोलीत आहे, पंखा आहे. तुम्हाला तो दारातच खूप बोलेल, मी मध्ये पडणार नाही. तुमचं काय म्हणणं असेल ते तुम्हीही बोला. बाबांचं बेंच देताना तुम्हाला काय वाटत होतं हे मला कधी कळलं नाही आणि त्यालाही नाही.

पण लवकर या. तुमच्यावरचा त्याचा राग अजून जागच्या जागी आहे. तो विसरल्यावर आलात, तर शेखर तुमचं अतिशय प्रेमाने स्वागत करेल. ते मला बघवणार नाही.

मधुवंती